आत किती जण?

लिफ्ट बंद पडली की माणसं आधी बटणं बडवतात, मग दार बडवतात, आणि मग कुठे त्यांना ती लाल घंटा दिसते. घंटा दाबली की आमच्या कंपनीत फोन वाजतो. तो फोन जी उचलते ती माझी बायको. बावीस वर्षं ती हेच काम करते आहे. अलीकडे कंपनीने तिला घरीच लाइन जोडून दिली, त्यामुळे सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत ती आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी कानाला हेडफोन लावून बसलेली असते आणि कुठल्या कुठल्या अडकलेल्या माणसांशी बोलत असते.

तिचे नियम ठरलेले आहेत. पहिला प्रश्न, आत किती जण आहेत? सोडवायला जाणाऱ्याला ते माहीत असावं लागतं, आणि मोजता मोजता आतला माणूस जरा भानावर येतो. दुसरं, वेळ सांगायची नाही. ‘पाच मिनिटांत’ म्हटलं की सहाव्या मिनिटाला त्याचं डोकं फिरतं. तिसरं, आपण होऊन फोन ठेवायचा नाही. आणि ‘माणूस निघालाय’ हे वाक्य माणूस खरोखर निघाल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही.

तो निघालेला माणूस बहुतेक वेळा मीच. मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. माझ्याकडे त्रेचाळीस लिफ्ट आहेत, आणि त्यांतल्या एकीतही मी बसत नाही. जिन्याने जातो. आमच्या कंपनीतला टकलू, म्हणजे माझ्याच जोडीचा दुसरा मेकॅनिक, सगळ्यांना सांगतो की मी तब्येतीसाठी जिने चढतो. चढू दे म्हणावं त्याला अकरा मजले हत्यारांची पिशवी घेऊन, मग कळेल किती तब्येत होते ती. खरी गोष्ट अशी की सहा वर्षांपूर्वी एका रिकाम्या इमारतीत मी चार तास दोन मजल्यांच्या मध्ये अडकलो होतो. घंटा दाबली, फोन लागला नाही. लागणार कसा? पॅनेल तपासताना त्याची वायर मीच काढून ठेवली होती आणि परत जोडायला विसरलो होतो. त्या चार तासांत आत किती जण आहेत हे मला कोणी विचारलं नाही. तेव्हापासून मला बंद दार सोसत नाही. घरी आंघोळ करतानासुद्धा मी कडी लावत नाही. हे फक्त बायकोला माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

वॉशर आमच्याकडे आला तो एका तक्रारीतून. एका गोदामातून फोन आला आणि बायकोने जसं ऐकलं तसं मला लिहून दिलं: ‘मालाची लिफ्ट रडते.’ मी म्हटलं, बेअरिंग गेलं असणार. जाऊन पाहतो तर लिफ्टखालच्या खड्ड्यात, तेलाच्या चिखलात, एक कुत्र्याचं पिल्लू. तपकिरी अंग, मानेभोवती पांढरं गोल कडं. मी त्याला हत्यारांच्या पिशवीत घालून घरी आणलं. बायकोने कपाळाला हात लावला, नाही म्हटलं, तीनदा नाही म्हटलं, आणि रात्री तिच्याच जुन्या शालीत ते झोपलं. मानेवरच्या कड्यावरून त्याचं नाव वॉशर पडलं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लशीची तारीख दिली होती. मी ती माझ्या देखभालीच्या तक्त्यात, लिफ्टच्या तारखांमध्येच लिहिली. त्रेचाळीस लिफ्टपैकी एकीचीही तारीख मी कधी चुकवली नाही. वॉशरची चुकवली. त्या दिवशी कुठेतरी एक लिफ्ट अडकली होती आणि मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. त्या आठवडाभर मी त्याला पिशवीत घालून कामावर नेत होतो, दहा इमारतींच्या दहा आवारांत सोडत होतो, आणि पहारेकऱ्यांना त्याच्या करामती दाखवत मिरवत होतो.

गुरुवारी त्याने खाल्लं नाही. शुक्रवारी सकाळी ओकला, दुपारी रक्त पडायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी चाचणीची पट्टी आमच्यासमोर टेबलावर ठेवली. एक रेघ आली, आणि मग हळूहळू दुसरी.

“पार्व्हो,” त्या म्हणाल्या. “लस झाली नव्हती ना?”

“तारीख चुकली,” मी म्हटलं.

त्यांच्याकडच्या वेगळ्या खोलीत जागा नव्हती. या विषाणूवर थेट औषध नाही, सलाइन देत राहायचं, ओकारी थांबवायची आणि तो तग धरतो का बघायचं, असं त्यांनी सांगितलं. घरी करता येईल, पण एकाच खोलीत, फरशी ब्लीचने धुता येईल अशा जागी. हा विषाणू बुटांवरून जातो, हातांवरून जातो, कपड्यांवरून जातो आणि महिनोन्‌महिने मरत नाही.

“तुमच्या इमारतीत आणखी कुत्री आहेत?”

होती. आमच्या डोक्यावरच राहणाऱ्या शिंपीणबाईंच्या कुत्रीला सहा पिल्लं झाली होती. सहाही अजून धड डोळे उघडत नव्हती. जिना आमचा एकच.

“मग एकच माणूस आत,” बायको तिथल्या तिथे म्हणाली. “जो आत तो आतच. तो बाहेर यायचा नाही, बाहेरचा आत जायचा नाही.”

“डॉक्टर सोडून,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कोण आत जाणार हे कोणी विचारलं नाही. तिला फोन होते. आणि तारीख माझ्या तक्त्यात होती.

आमचं मागचं बाथरूम म्हणजे खरं तर माझी अडगळीची जागा. बायकोने तासाभरात तिथल्या केबल, डबे, जुन्या पुली सगळं बाहेर काढलं. मी आत गेलो, वॉशरला शालीवर ठेवलं आणि सवयीने जागा मापली. सहा माणसांच्या लिफ्टपेक्षा थोडी लहान. छताजवळ हातभर रुंद झरोका, एक नळ, एक संडास, एक खुर्ची. सलाइनची बाटली टांगायला टॉवेलचा हूक होता. वॉशरच्या पुढच्या पायात सुई बसवलेली, वर निळी पट्टी गुंडाळलेली.

“दार जरा किलकिलं राहू दे,” मी म्हटलं.

“अहो, तो ओकला की उडतं. इथूनच माझी ये-जा आहे.”

“बोटभर.”

“नाही,” ती म्हणाली, आणि दार ओढून घेतलं. बाहेरून फटीला ब्लीचमध्ये भिजवलेला टॉवेल लावल्याचा आवाज आला. मी नळ सोडला, बंद केला, परत सोडला. कडी आतून होती, ती लावलेली नव्हती, मी केव्हाही दार उघडू शकत होतो. हे सगळं मला माहीत होतं आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता.

मग दारापलीकडून आवाज आला. तिचा तो दुसरा आवाज, फोनवरचा.

“आत किती जण आहेत?”

“माझ्याशी गिऱ्हाइकासारखं बोलू नकोस,” मी ओरडलो.

“साहेब, आत किती जण आहेत?”

मी खाली पाहिलं. वॉशरने डोकं उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

“दोन,” मी म्हटलं.

“बरं. खाली बसा. भिंतीला टेका. मी इथेच आहे.”

मी बसलो. राग आला होता, पण बसलो.

पहिले तीन दिवस सांगण्यासारखे नाहीत. तो ओकायचा, मी पुसायचो. त्याला खालून रक्त जायचं, मी पुसायचो. तो वास एकदा नाकात गेला की जेवणात येतो, पाण्यात येतो. पुसायला चिंध्या लागत होत्या ढिगाने. शिंपीणबाईंना कळलं तसं त्यांनी वरून दोरीला पिशवी बांधून झरोक्याशी सोडायला सुरुवात केली. पिशवीत कापडाचे उरलेले तुकडे. परत काही वर पाठवायचं नाही, दोरीसुद्धा कापून टाकायची, असं ठरलं होतं. त्यामुळे मी कोणाकोणाच्या लग्नाच्या कपड्यांच्या अस्तराने कुत्र्याची घाण पुसत होतो, आणि वरून त्या ओरडून विचारत होत्या, “रेशमी चालतंय का हो? पाणी टिपत नाही ते फार!”

“सुती टाका,” मी खालून ओरडायचो. “आणि आवाज जरा हळू. पेशंट झोपलाय.”

संध्याकाळी डॉक्टरीणबाई यायच्या. दाराशी जुने गमबूट चढवायच्या, ब्लीचच्या घमेल्यात बुडवायच्या, आत येऊन इंजेक्शन द्यायच्या, ताप बघायच्या, वॉशरच्या मानेची कातडी चिमटीत उचलून सोडायच्या. कातडी हळूहळू खाली बसायची. “पाणी कमी आहे,” म्हणायच्या, आणि बाटलीचे थेंब वाढवायच्या. बरा होईल का, हे मी एकदाच विचारलं.

“उद्यापर्यंत राहिला तर परवाचं बोलू,” त्या म्हणाल्या. वेळ सांगत नव्हत्या. बायकोला त्या फार आवडल्या.

आणि दिवसभर दारापलीकडून बायकोचं काम ऐकू यायचं. “आत किती जण आहेत? तीन? लहान कोणी आहे का? बरं, तिला मांडीवर घ्या. माणूस निघालाय.” माणूस म्हणजे टकलू. माझ्या लिफ्ट, आणि टकलू! सोमवारी एकच लिफ्ट दोनदा बंद पडली. मी आतून ओरडलो, “त्याला सांग, दाराच्या खालची पट्टी साफ कर, नुसतं बटण रीसेट करून पळू नकोस.” ती हेडफोनवर हात ठेवून म्हणाली, “तुम्ही आजारी माणसाजवळ आहात, तिकडे लक्ष द्या.” मग तिने टकलूला तेच सांगितलं, माझं नाव न घेता. लिफ्ट परत बंद पडली नाही. श्रेय टकलूला.

रोज सकाळी सातला, पहिला फोन यायच्या आधी, ती दाराशी यायची. कागदाच्या ताटलीत माझं खाणं ठेवायची, चार पावलं मागे व्हायची, मग मी हातभर दार उघडून ते आत ओढायचो. दार परत लागलं की विचारायची, “आत किती जण?” मी वॉशरच्या छातीवर हात ठेवायचो. आपला हात हलतोय की त्याची छाती, हे कळायला क्षणभर लागायचं. तो क्षण मला उभ्या जन्मातला सगळ्यात मोठा वाटायचा. मग मी म्हणायचो, “दोन.”

कोणत्या तरी सकाळी मला ‘एक’ म्हणावं लागणार, हे मला पक्कं वाटत होतं. तो शब्द माझ्या तोंडात आयता तयार होता. मी खुर्चीत बसून तो कसा म्हणायचा याची तालीमसुद्धा केली. स्वतःचीच लाज वाटली, पण केली.

चौथ्या दिवशी तो ओकला नाही. दिवसभर नाही. पाचव्या दिवशी सकाळी त्याने शालीवरून उठून दोन पावलं टाकली, नळाखालचं ओलं चाटलं आणि माझ्या चपलेचा पट्टा तोंडात धरला. माझ्या जिवात जीव आला. डॉक्टरीणबाईंनी आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं होतं: ओकारी थांबली तर तासातासाला एक चमचा, पातळ, कोमट. एकच चमचा. पोट भरू द्यायचं नाही, आतडी अजून सोललेली आहेत.

मी सकाळपासून चार चमचे दिले. चारही टिकले. पाचव्याला तो चमचाच चावायला लागला, मग माझं बोट, मग माझ्याकडे बघून बारीक कुंईकुंई करायला लागला. पाच दिवसांचा उपाशी जीव.

आता माझी चूक सांगतो. दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली नसती. लिफ्ट दुरुस्त झाली की आम्ही आधी ती रिकामी चालवतो, वर-खाली दोनदा. मग भार टाकून बघतो. जेवढा भार पाटीवर लिहिलाय त्याच्या सव्वापट. सव्वापट भाराला ब्रेक टिकला, तर लिफ्ट खरी दुरुस्त झाली. तोवर मी कोणाला आत पाय ठेवू देत नाही. तीस वर्षं मी असंच तपासत आलोय. आणि मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. पाच दिवस झाले होते, भिंती रोज थोड्या जवळ आल्यासारख्या वाटत होत्या, आणि हा बरा झालाय हे एकदा सिद्ध झालं की दार उघडणार होतं. हे मी तेव्हा स्वतःशी असं बोललो नाही. पण होतं ते हेच.

दुपारी बायकोने मला उकडलेली कोंबडी आणि भात दिला होता. मी कोंबडीचे तुकडे बारीक केले, भात कालवला आणि पिल्लाला एरवी देत होतो त्याच्या सव्वापट, अंदाजाने नाही, बरोब्बर सव्वापट, ताटलीत त्याच्यापुढे ठेवलं. त्याने डोळे मिटून खाल्लं. शेपूट हलवली. ताटली चाटून ती भिंतीपर्यंत ढकलत नेली.

“अगं!” मी ओरडलो. “भार घेतला! पूर्ण भार घेतला त्याने!”

“काय घेतलं?” ती म्हणाली. मग तिचा फोन वाजला.

दोन तासांनी त्याने सगळं ओकलं. मग पाणी ओकला. मग नुसता फेस. मग रक्त, आधीपेक्षा जास्त. तडफडताना पायातली सुई निघाली, निळी पट्टी लाल झाली. मी त्याला दोन्ही हातांत धरलं तर मान एका बाजूला गेली आणि कान थंड लागले.

“डॉक्टरांना बोलाव,” मी दाराशी तोंड नेऊन म्हटलं. “मी त्याला पोटभर घातलं.”

मी दारावर थाप मारली.

“ऐकू आलं का? मी तपासून बघत होतो. सव्वापट.”

“आलं,” ती म्हणाली. हा फोनवरचा आवाज नव्हता. तिचा स्वतःचा होता, आणि तो मला नको होता.

डॉक्टरीणबाई दवाखाना तसाच सोडून आल्या. दुसऱ्या पायात सुई बसवायला त्यांना चार वेळा टोचावं लागलं, शिरा सापडेनात. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. मग हातमोजे काढता काढता म्हणाल्या, “हे यंत्र नाही.”

“माहीत आहे.”

“नाही, तुम्हाला माहीत नाही. यंत्राला तुम्ही घाई करत नसाल.”

खरं होतं ते. यंत्राला मी कधीच घाई केली नव्हती.

त्या गेल्यावर मी फरशीवर बसलो आणि मला माझा श्वास सापडेना. सहा वर्षांपूर्वी तसंच झालं होतं, अगदी तसंच. झरोका पोस्टाच्या पाकिटाएवढा दिसायला लागला. मी उठलो आणि दाराच्या मुठीवर हात ठेवला. नुसती फिरवायची होती. बाहेर पडून, पायऱ्या उतरून, रस्त्यावर जाऊन उभं राहायचं होतं. माझ्या शर्टावर त्याचं रक्त होतं, चपला त्याच घाणीतल्या होत्या, आणि डोक्यावर सहा पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडत कुंईकुंई करत होती, मला स्पष्ट ऐकू येत होतं.

“मूठ हलली,” बायको दारापलीकडून म्हणाली. ती तिथेच बसलेली होती, दाराला पाठ लावून. तिची ड्युटी तीनला संपली होती.

“मला बाहेर यायचंय.”

“माहीत आहे मला.”

“किती वेळ? तू सांग. तू कधीच सांगत नाहीस. किती वेळ?”

मला वाटलं आता म्हणेल, माणूस निघालाय. पण निघायला माणूस कुठे होता? माणूस आतच होता.

“मला माहीत नाही हो,” ती म्हणाली आणि रडायला लागली. बावीस वर्षांत हजारो लोक हिच्याशी बोलताना रडले असतील, ही कधी रडली नव्हती. “तुम्ही बाहेर आलात तर मी काही म्हणणार नाही. पण फोन मी ठेवत नाही. मी इथेच आहे.”

मी मुठीवरचा हात काढला. तिच्या पाठीशी पाठ लावून, मध्ये दार ठेवून, बसलो. वॉशरला बाटल्यांसकट मांडीवर घेतलं. माझी छाती धडधडत होती आणि त्याची जेमतेम. कधीतरी दोघांना झोप लागली असावी.

सकाळी सातला पावलं आली. ताटली ठेवल्याचा आवाज झाला. चार पावलं मागे गेली. मी दार उघडलं, ताटली घेतली, दार लावलं, आणि थांबलो.

तिने विचारलं नाही.

मी वाट पाहिली. स्वयंपाकघरात खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. पहिला फोन वाजला आणि ती कोणाला तरी विचारत होती, आत किती जण आहेत. अनोळखी माणसाला विचारू शकत होती. मला विचारायची तिची हिंमत नव्हती. तेव्हा मला कळलं की रोज सकाळी तो प्रश्न विचारताना तीसुद्धा तोच एक शब्द ऐकायची तयारी करून येत होती.

तिचा फोन संपेपर्यंत मी थांबलो. मग दारावर ठोठावलं.

“काय?” ती लांबूनच म्हणाली.

“दोन,” मी म्हटलं. “विचारलं नाहीस म्हणून सांगतो. आत दोन जण आहेत.”

ती येऊन दाराशी उभी राहिली. नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

त्यानंतर मी चमचा सोडून दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. पहिला दिवस काहीच नाही, नुसतं सलाइन. दुसऱ्या दिवशी बोटाला लावून पाणी. मग चमच्याचं टोक. मग अर्धा चमचा. तो माझ्याकडे बघून कुंईकुंई करायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. काम म्हणजे नट आवळणं, पट्टा बदलणं असं मला वाटायचं. समोरच्याला जे हवंय ते न देता त्याच्याजवळ बसून राहणं हेही काम असतं, आणि बायको बावीस वर्षं तेच करत आली आहे. मी मात्र घरी येऊन तिला विचारायचो, तुला काय, नुसतं बोलायचं तर असतं.

मी तिला हे दारातून सांगितलं.

“बरं झालं कळलं,” ती म्हणाली. “आता जेवा. आणि स्वतःचं स्वतःच खा.”

आठव्या दिवशी त्याची शी घट्ट झाली. ती मी डॉक्टरीणबाईंना इतक्या अभिमानाने दाखवली की त्या हसल्या. आम्ही आत गेल्यापासून पहिल्यांदा. मानेची कातडी त्यांनी चिमटीत उचलून सोडली आणि ती पटकन खाली बसली. नवव्या दिवशी सुई काढली. दहाव्या दिवशी त्याने निळी पट्टी, एक चिंधी आणि माझ्या पायजम्याचा कोपरा फाडला. वरून शिंपीणबाईंनी ओरडून सांगितलं की त्यांची सहाही ठणठणीत आहेत, दवाखान्यातून पहिल्या लशीची तारीख आली आहे, आणि ही तारीख चुकणार नाही, हो ना? शेवटचे तीन शब्द मला होते. मी मुकाट्याने ऐकून घेतले.

अकराव्या दिवशी दार उघडायचं ठरलं. वॉशरला आणखी काही आठवडे घराबाहेर काढायचं नव्हतं, जिन्यावर तर मुळीच नाही, पण या खोलीतून सुटका होती. मी भिंती, फरशी, नळ, खुर्ची ब्लीचने धुतली. डोळ्यांची आग झाली. त्याला कोमट पाण्याने आंघोळ घातली, मग स्वतः केली. शाल, कपडे, चपला, उरलेलं सगळं रेशमी अस्तर दोन पिशव्यांत बांधलं. बायकोने बाहेर स्वच्छ चादर अंथरली आणि तिच्यावर माझे धुतलेले कपडे ठेवले. ते मी हात लांबवून आत घेतले आणि चढवले.

मग तिने दार पूर्ण उघडलं.

लिफ्टमधून सोडवलेली माणसं लगेच बाहेर येत नाहीत. लोकांना वाटतं पळत येतील. तसं होत नाही. दार उघडलं की ती तिथेच उभी राहतात, बाहेरच्या फरशीकडे बघत, ती खरी आहे की नाही अशी. अशा वेळी ओढायचं नसतं. हात पुढे करून थांबायचं असतं. शेकडो वेळा मी असा हात पुढे केला आहे, आणि दर वेळी मनात म्हटलं आहे, आता काय मुहूर्त बघतोस का बाबा, ये की बाहेर.

मी उभा राहिलो. पाय निघेनात.

वॉशर उंबऱ्यापाशी गेला. हाडं दिसत होती त्याची, पुढच्या दोन्ही पायांवरचे केस काढलेले, मानेवरचं कडं मात्र धुऊन पांढरं झालेलं. त्याने बाहेरचा वास घेतला, मागे वळून माझ्याकडे पाहिलं. बायको चादरीवर गुडघे टेकून बसली होती. तिने हाक मारली नाही, चुचकारलं नाही. हात पुढे केला आणि थांबली. तो एक पाय उचलून विचार करत राहिला, आणि मग धडपडत, मागचा पाय उंबऱ्याला अडकून तोंडावर आपटत, उठत, थेट तिच्या मांडीत गेला. तिने त्याला पोटाशी धरलं. त्याने तिचा हेडफोन चावायला घेतला.

मग तिने माझ्याकडे वर पाहिलं. डोळे भरून आलेले, आणि आवाज मात्र तो, फोनवरचा, जराही न हलणारा.

“साहेब, आत किती जण आहेत?”

अकरा दिवस ज्या शब्दाला मी घाबरलो होतो, तो तोंडात आयता तयारच होता.

“एक,” मी म्हटलं, आणि तिने पुढे केलेला दुसरा हात धरून बाहेर आलो.